पोपटी टोपण

४ नोव्हेंबर

ताई,

फोनवर आपण असतो तिघं आणि बोलतो दोघंच, म्हणून लिहितोय. तू फोन स्पीकरवर टाकतेस, आई शेजारी पडलेली, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल "खाल्लं का तिने, झोपली का ती" असं विचारणं माझ्याच्याने होत नाही. बस स्टँडच्या चौकशी खिडकीत बसून जिने आयुष्यभर जगाला उत्तरं दिली, तिची चौकशी दुसऱ्याकडे करायची. तेव्हा इथून पुढे पत्र, मेलवर. शिवाय फोनवर आपण भांडतो. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

पार्सल मिळालं असेल. आत एक छोटा कॅमेरा आहे, तो लॅपटॉपच्या डोक्यावर बसव. प्रोग्रॅम मी लॅपटॉपमध्ये लांबूनच टाकलाय. कल्पना सोपी आहे. झटक्यानंतर आईचं जे एकच बोट नीट हलतं, त्याच्यावर काहीतरी रंगीत घालायचं. कॅमेऱ्यात जे चित्र दिसेल त्यात त्या रंगावर एकदा टिचकी मारायची. म्हणजे प्रोग्रॅमला कळतं की या रंगाच्या मागे धावायचं. बाकी त्याला काही कळत नाही. आई कोण, बोट कुठलं, काही नाही. रंग दिसला की त्याच्या मागे.

स्क्रीनचे दोन भाग आहेत. डावीकडे "हो", उजवीकडे "नाही". बोट ज्या बाजूला जाऊन क्षणभर थांबेल ते उत्तर. आणि ते उत्तर लॅपटॉप बोलून दाखवतो. आवाज माझाच आहे, दुसरा मिळाला नाही. आई माझ्या आवाजात बोलणार, याचं मला जरा हसू येतंय आणि जरा नाही.

एकच सांगणं. घरात दुसरीकडे कुठेही नसेल असा रंग निवड. लाल नको, ओठांच्या मागे धावेल. निळा नको, आपले पडदे निळे आहेत. ते अजून आहेत ना?

बारक्या

११ नोव्हेंबर

बारक्या,

पडदे जाऊन तीन वर्षं झाली. आता पांढरे आहेत. तू गेलास तेव्हाचं घर तुझ्या डोक्यात तसंच बसलंय, धूळसुद्धा झटकत नाहीस.

रंग शोधायला मी घरभर फिरले. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडच्या बाटलीचं टोपण सापडलं, पोपटी, डोळ्यांत खुपेल असं. आईच्या बोटात बरोब्बर बसलं. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तिच्या खिडकीत कोणी फाटकी नोट सरकवली.

आता ऐक. पहिला दिवस, माझी सुट्टी. मी विचारलं, खिडकी उघडू? लॅपटॉप तुझ्या आवाजात म्हणाला, हो. उघडली. आई डोळे वटारून बघते. म्हटलं, थंडी वाजते का? नाही. बरं मग. चहा देऊ? नाही. रेडिओ लावू? हो. लावला, तर तिने असा सुस्कारा सोडला की मला वाटलं दुसरा झटका आला. अर्धा तास हे चाललं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू आल्या, दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, ती बोट इकडे नेते आणि तुमचं खूळ तिकडे जातं." सगळं उलटं होतं. हो म्हणजे नाही आणि नाही म्हणजे हो. थंडीत खिडकी उघडी, तोंडाला चहा नाही आणि वर नको असलेला रेडिओ.

तू इंजिनिअर कसा झालास हा प्रश्न मी तिला विचारला नाही. उत्तर उलटं आलं असतं.

दुरुस्त कर. दुपारभर काकू तिच्याजवळ शिवण घेऊन बसतात, त्यांच्याही जिवाला घोर नको. मी कामावरून सहाला येते.

ताई

१२ नोव्हेंबर

ताई,

आरशाची भानगड झाली. कॅमेरा समोरून बघतो, त्यामुळे त्याचं डावं ते तिचं उजवं. चित्र आरशासारखं फिरवायला मी विसरलो होतो. आता फिरवलंय. आईची माफी माग माझ्यातर्फे, आणि उत्तर नीट ऐकून सांग.

जाता जाता तिच्या चेहऱ्यासमोरचं चित्रही काढून टाकलंय. आधी त्यात रंगाभोवती एक लाल चौकोन दिसायचा, प्रोग्रॅमने काय पकडलंय ते कळायला. पण त्यामुळे "हो-नाही"ची अक्षरं बारीक होत होती. आता नुसती मोठी अक्षरं.

इथे ऑफिसात मी हे एक-दोघांना दाखवलं. माझ्या वरच्या बाईंना फार आवडलं. त्या म्हणाल्या, टोपणात आणि जुन्या लॅपटॉपमध्ये एवढं होतं, तर यावर नीट काम करायला हवं. बघू.

तुझ्या पार्किंग कंपनीचं ऑफिस कसं आहे? खुर्ची तरी बरी दिलीय का? पाठ सांभाळ.

बारक्या

२ डिसेंबर

बारक्या,

चालतंय. खरंच चालतंय. म्हणून एवढे दिवस लिहिलं नाही. तुझ्या वस्तूचं कौतुक करायला मला थोडी तयारी लागते.

पण एक गंमत आहे. दुपारी आई "नाही"ची आणि संध्याकाळी "हो"ची. काकू विचारतात, सूप? नाही. कुशीवर वळवू? नाही. थोडं बसतेस का? नाही, नाही. काकू रडकुंडीला येतात. "माझ्याशीच वाकडं आहे हिचं," म्हणतात. आणि सहाला मी येते, तशीच खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसते, आणि काहीही विचारलं तरी हो. सूप? हो. औषध? हो. अंग पुसू? हो. काकूंना मी सांगितलं, मनाला लावून घेऊ नका, लेकीचा लळा. त्या म्हणाल्या, "लळा नाही, लबाडी."

खरं म्हणजे पटण्यासारखं आहे. कारण हो म्हणते आणि चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घेते. जन्मभर खिडकीतून लोकांना "झालं, पुढचा" म्हणत आली, आता मला नाचवते. स्वभाव जातो का?

हसण्यावारी नेते आहे, पण एक सांगायचंय. परवा पहाटे आई पलंगावरून घसरली. लागलं नाही, चादरीसकट घसरली. मी तिच्याच खोलीत होते, खाली गादीवर. मला जाग आली नाही. बारक्या, ती माझ्या अंगावर पडली तरी मला जाग आली नाही. मी तिच्या हाताखालून डोकं काढून पुन्हा झोपले. मग कधीतरी कळलं की हा हात आहे.

वर्ष होऊन गेलं, मी सलग झोपलेली नाही. कामावर उभ्या उभ्या डोळा लागतो. हे सांगायला फोन करता येत नाही, कारण तू म्हणतोस तसं, आपण तिघं असतो.

ताई

५ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. उभ्या उभ्या म्हणजे? तू खुर्चीवर बसत नाहीस का?

हे मी आधी बोलणार होतो, पण तू चिडशील म्हणून गिळलं. मागे एकदा तूच त्या शुश्रूषा केंद्राचा उल्लेख केला होतास. डेपोच्या पलीकडचं, तळमजल्यावरचं. मी त्यांच्याशी बोललोय. जागा आहे. खर्च मी करीन, त्यावर वाद नको.

मला माहीत आहे तू म्हणशील, आईला टाकायचं का. मी म्हणतो, आपण कशाला ठरवायचं? तिला विचार. एक वर्ष आपण तिच्या डोक्यावरून बोललो. आता तिला बोलता येतं. हे मशीन सुपाचं विचारायला नाही केलेलं. सरळ विचार, जाशील का. ती नाही म्हणाली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द देतो.

आणि विचारशील तेव्हा मोबाईल समोर ठेवून रेकॉर्ड कर. मी तिथे नाही, निदान बघू दे.

बारक्या

९ डिसेंबर

बारक्या,

विचारलं.

काल कामावरून आले ती तशीच बसले. कपडे बदलत बसले असते तर धीर गेला असता. मोबाईल समोरच्या कपाटाला टेकवला. तिचा हात हातात घेतला नाही, मुद्दाम, माझा धक्का लागायला नको म्हणून. इतकी काळजी घेतली.

म्हटलं, आई, बारक्याने एक जागा बघितलीय. तिथे दिवसरात्र माणसं असतात. व्यायाम करून घेतात. मी रोज येईन. माझी पाठ गेलीय आई, त्या दिवशी तू पडलीस आणि मला कळलंसुद्धा नाही. जाशील का?

तुझा आवाज म्हणाला, हो.

मला खरं वाटेना. म्हटलं, पुन्हा विचारते, नीट विचार करून सांग. आईचं बोट थरथरत होतं, उजवीकडे गेल्यासारखं वाटलं, पण ती थरथर नेहमीचीच. आणि पुन्हा, हो.

मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू. तिने बोट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ.

व्हिडिओ पाठवलाय. सोमवारी नेते.

ताई

१० डिसेंबर

ताई,

बघितला. तीन-चारदा बघितला. आई मोठ्या मनाची आहे, आणि तू पण.

आमच्या वरच्या बाईंनाही दाखवला, त्यांनी आणखी लोकांना बोलावलं. दाखवायच्या प्रतीत तू कापली गेलीस, रागावू नकोस, आईवर लक्ष राहावं म्हणून. पुढच्या महिन्यापासून मला याच कामावर घेतायत. आधीचं कंटाळवाणं काम सुटलं.

झोप आता.

बारक्या

१६ जानेवारी

बारक्या,

झोपते आहे. तुला खोटं कशाला सांगू, पहिला आठवडा मी फक्त झोपले. काम, केंद्र, झोप. आरशात बघितलं तर गाल आलेत. लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

केंद्र स्वच्छ आहे. माणसं बरी आहेत. व्यायाम घेणारी मुलगी तर फारच गोड, आईला "मॅडम" म्हणते. पण आई बोट उचलत नाही. इथे त्यांचा चित्रांचा एक तक्ता आहे, पेला, पलंग, खिडकी, असलं काय काय. तो समोर धरला की आई भिंतीकडे बघते. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू सगळं कमी होत जातं. पोपटी टोपण मात्र सोडत नाही. घरून निघताना बोटात होतं, ते आता मुठीत असतं. आंघोळीला काढायला गेले तर मूठ उघडेना.

त्यांचा तक्ता आहे म्हणून लॅपटॉप घरीच राहिला. तिकडे नेऊन ठेवावा म्हणून काल सुरू केला, चालतो का बघायला.

एक विचारायचं होतं. समोर कोणीच नसलं, म्हणजे टोपणच नसलं, तर मशीन काय करतं? आणि रंग दोन ठिकाणी दिसला तर?

ताई

१८ जानेवारी

ताई,

रंग नसला तर गप्प बसतं. दोन ठिकाणी दिसला तर जो ठिपका मोठा तो धरतं, बारका सोडून देतं. म्हणूनच म्हटलं होतं, घरात नसलेला रंग घे. का? काही बिघडलंय का? सांग, लांबून बघतो.

आईबद्दल डॉक्टर म्हणतात ते बरोबर असेल. आपण आपल्याकडून सगळं केलं. तिला विचारून केलं.

बारक्या

१९ जानेवारी

बारक्या,

बिघडलेलं नाही. उत्तम चालतंय.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती, ती सांगते. पार्किंग कंपनीचं ऑफिस मी आतून दोनदाच बघितलंय. मी ऑफिसात नाही. मी गाड्यांना हात करते. पहिल्या मजल्याच्या चढावर उभी राहून, इकडे घ्या, मागे घ्या, बास. मी आधी होते ते पुस्तकांचं दुकान बंद पडल्यावर तेवढंच मिळालं. तू तिकडे एवढा मोठा झालास, तुला काय सांगायचं, म्हणून "ऑफिस" म्हटलं. तू खुर्चीबद्दल विचारायचास आणि मी ती ओळ वाचून पुढे जायचे.

आम्हाला जाकीट असतं. अंधारात गाडीवाल्याला दिसावं म्हणून. कोपरापासून गळ्यापर्यंत एकच रंग. कुठला ते तू ओळखलं असशील.

चार दिवसांपूर्वी कामावरून आले. घरात कोणी नाही. सवयीने तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली, तिथेच ओढता येते, दुसऱ्या बाजूला भिंत आहे. लॅपटॉप सुरू केला. पलंग रिकामा. उशीचा खड्डासुद्धा गेलेला. टोपण तिकडे, तिच्या मुठीत. मी जाकिटाची चेन काढायला हात वर केला आणि तू बोललास.

हो.

मी म्हटलं, काय?

हो.

मी उठून दाराकडे गेले, तसा गप्प झालास. परत येऊन बसले. हो. मी पुढे वाकले, मागे झाले, उभी राहिले, बसले. वेड्यासारखी. मग मोठ्याने विचारलं, सूप घेणार? हो. औषध? हो. जाशील का तिकडे? हो, म्हणालास.

जाकीट काढून दाराबाहेर फेकलं, पुन्हा बसले. तेव्हा तू गप्प.

तुला लिहिलेला तो प्रश्न मी हे सगळं झाल्यावर लिहिला होता. उत्तर मला ठाऊक होतं. तुझ्याकडून दुसरं काही यावं असं वाटत होतं.

दुपारी काकूंसमोर ती नाही म्हणायची, बारक्या. काकू नेहमी राखाडी घालतात. दुपारची आई खरी होती. संध्याकाळी माझ्यासमोर कोणी बोलतच नव्हतं. मी विचारत होते आणि मीच हो म्हणत होते, तुझ्या आवाजात.

ती ओठ मिटायची आणि मी म्हणायचे, नाचवते.

ताई

७ फेब्रुवारी

ताई,

किती वेळा सुरू केलं आणि खोडलं. तू फोन उचलत नाहीस. मी उचलला नसता.

तू काय घालून कामाला जातेस हे मला माहीत नव्हतं. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मी घरातले पडदे आठवून रंग सांगत होतो आणि तेही पडदे गेलेले.

पण तेवढंच नाही. आधी ठरवलं होतं हे लिहायचं नाही, पण तू ऑफिसचं लिहिलंस, तेव्हा मलाही लिहिणं आलं. तो व्हिडिओ लोकांना दाखवायच्या आधी मी माझ्या प्रोग्रॅममधून पुन्हा चालवला. चौकोन दाखवायचा होता, कसं पकडतं ते. चौकोन आईच्या बोटावर नव्हता. चित्राच्या कडेला तुझा नुसता पोपटी खांदा आला होता, त्याच्यावर होता. दोन्ही वेळा.

मला वाटलं तू शाल-बिल घेतली असशील त्या दिवशी. वाटलं, एवढ्याच वेळी झालं असेल. वाटलं, बोटही तिकडेच असेल. बोट कुठे होतं ते मी बघितलं नाही, ताई. मोठं करून बघता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. मी तुला कापून टाकलं आणि दाखवला. आईवर लक्ष राहावं म्हणून, असं तुला लिहिलं.

कारण मला हो हवं होतं. ती तिथे गेली म्हणजे मला यायला लागणार नव्हतं, आणि तुझं पत्र वाचून जिन्यात बसायला लागणार नव्हतं.

आता माझं म्हणणं ऐकून तरी घे. तिला पुन्हा विचारू नकोस. दोन महिने होत आले, ती तिथे रुळली असेल. तू झोपायला लागलीस. आता विचारलंस आणि ती नाही म्हणाली तर काय करणार? पुन्हा गादी खाली टाकणार? मला तिच्या उत्तराची भीती वाटते. लिहिल्यावर ओळ फारच छोटी दिसते, पण आहे ती एवढीच.

वरच्या बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.

बारक्या

२२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा तुला मारावंसं वाटलं. मग वाटलं, त्या दिवशी ओझं उतरलं म्हणून तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी हसले होते, आणि बोट उजवीकडे जाताना मीही बघितलं होतं. मी त्याला थरथर म्हटलं, तू शाल म्हटलंस. एका घरचे आहोत.

पण विचारू नकोस म्हणालास ते ऐकलं नाही.

लॅपटॉप घेऊन गेले. जाकीट कामावरच्या कपाटात ठेवून गेले. समोर मांडला. आईने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मूठ उघडली आणि टोपण माझ्या मांडीवर टाकलं. भिरकावलं नाही, ठेवलं. तूच बोल आता, असं. दुसरा काय अर्थ होतो त्याचा?

मग मी तिला सगळं सांगितलं. जाकीट, चढ, रिकामा पलंग, तू, चौकोन, सगळं. ती बघत होती. बस सुटल्यावर धावत येणाऱ्या माणसाकडे ती खिडकीतून बघायची ना, तशी. दया असायची त्या बघण्यात, पण बस काही परत बोलवायची नाही ती. माझं बोलून झाल्यावर तिने बोट पुढे केलं. मी टोपण घातलं.

विचारायला तोंड उघडलं, तर ती डोळ्यांनी दार दाखवायला लागली. मला वाटलं, जा म्हणते. व्यायामवाल्या मुलीला आधी कळलं. "मॅडमना तुम्ही समोर नको आहात."

तेव्हा रीतसर केलं. अक्षरांचा जो तक्ता तू नंतर लॅपटॉपवर पाठवलास आणि मी कधी उघडलाच नाही, तो लावला. खिडकीतलं कुंडीतलं झाड त्या मुलीने बाहेर नेऊन ठेवलं, पानं पोपटी होती. मी राखाडी स्वेटर घालून दाराबाहेर, काचेतून दिसेल अशी उभी. एकेक अक्षर धरत एक शब्द जुळवायला तिला इतका वेळ लागतो की मध्ये चहा होतो. दमली की थांबायची. असं रोज थोडं, दहा दिवस. मी आत काय चाललंय ते बघितलं नाही, विचारलंही नाही. आज ती मुलगी म्हणाली, झालं म्हणतायत मॅडम.

मी वाचलंय. तुला जसंच्या तसं पाठवते आहे, स्वल्पविरामसुद्धा माझा नाही. माझं उत्तर अजून ठरत नाही. पण या वेळी ते मला द्यायचं आहे, माझ्या तोंडाने, तिच्यासमोर बसून. तू काय करणार ते तू लिही.

ताई

बारक्या

पोरगी बाहेर उभी आहे. राखाडी तिला शोभत नाही.

मी नाही म्हटलं होतं. दोन्ही वेळा. तुझा आवाज हो म्हणाला. मला वाटलं तुम्ही दोघांनी ठरवून केलं.

मग तिचं तोंड बघितलं. वर्षभरात असं मोकळं तोंड बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा नाही म्हणायला बोट उचललं होतं. खाली ठेवलं.

इथे वाईट नाही. सूप घाण आहे. काकूंना सांग तुमचं बरं होतं.

मला लोकांना दाखवलंस. विचारलं नाहीस. त्या बाईंना खरं सांग.

ताईला विचार तिची झोप झाली का. झाली असेल तर मला घरी न्या. झाली नसेल तर थांबते. पण हे तिलाच विचार. तिच्या जाकिटाला नको.

पुढचा